खडकमाळ (पश्चिम)

"अनू, आपलं गाव जरा पश्चिमेला सरकवता येईल का गं?"

बापूमामाने हे इतक्या सहज विचारलं, की मीही सहजच "किती?" असं विचारून बसले.

"लई नको. ओढ्याच्या पल्याड गेलं तरी भागतंय."

मी भूगोलात एम.एस्सी. होऊन पुण्यातल्या एका नकाशे करणाऱ्या कंपनीत नुकतीच लागले होते आणि सुट्टी घेऊन आजोळी, खडकमाळला, आले होते. ओसरीवर लॅपटॉप उघडा होता, त्यावर आमच्या जिल्ह्याचा नकाशा. मामाने खडकमाळवर बोट ठेवलं आणि दाबून पश्चिमेकडे ओढलं. पडद्यावर घामाची एक रेघ उमटली. गाव जागचं हललं नाही.

"मामा, गाव जिथं आहे तिथंच दाखवावं लागतं."

"मग शिकलीस कशाला एवढं?"

मामाचा वैताग खरा होता. त्याचा मुलगा धैर्यशील माझ्याहून बराच मोठा. ठिबक सिंचनाचं दुकान, व्यसन नाही, दिसायला बरा आणि बोलायला कमी. नावाप्रमाणे त्याने फार धीर धरला होता, कारण त्याची स्थळं येत आणि एकाच वाक्याने मोडत. "मुलगा चांगला आहे हो, पण पट्टा वाईट." पट्टा म्हणजे दुष्काळी पट्टा.

आता हा पट्टा गावाच्या गळ्यात बांधला कोणी? बापूमामानेच. तो दुष्काळ निवारण कृती समितीचा अध्यक्ष. रिकामे हंडे घेऊन त्याने तहसील कचेरीवर असा मोर्चा नेला, की साहेबांनी पाणी सोडून बाकी सगळं मान्य केलं. गावाचं नाव दुष्काळग्रस्तांच्या यादीत आलं, टँकर आला, जनावरांना छावणी मिळाली, पोरांची परीक्षा फी माफ झाली. त्या आनंदात मामाने फाट्यावर लोखंडी पाटी उभारली, 'दुष्काळग्रस्त खडकमाळ आपले हार्दिक स्वागत करीत आहे.' अक्षरं लांबून वाचता यावीत म्हणून लाल रंगात. आणि मग त्याच रस्त्याने मुलीकडचे लोक येऊ लागले, वाचू लागले आणि चहा पिऊन परत जाऊ लागले.

"रविवारी उंबरथडीचे पाहुणे घर बघायला येणार," मामा म्हणाला. "नदीकाठचं गाव. ऊसच ऊस. हे बी स्थळ गेलं तर धैर्या काय आता लग्नाचं नाव काढू देत नाही. कालच म्हणाला, बापू, ह्या खेपेला शेवटचं."

दाराशी बसून नळ्यांना भोकं पाडत असलेल्या धैर्यादादाने मान वर केली नाही. पण भोक वाकडं पडलं असावं, कारण ती नळी त्याने बाजूला फेकली.

"बरं, मला सांग," मामा पुन्हा नकाशावर वाकला, "हा दुष्काळी पट्टा नक्की सुरू कुठनं होतो?"

"तू कोणत्या प्रकारचा प्रदेश म्हणतोस त्यावर आहे ते."

"प्रकार? दुष्काळात प्रकार?"

"दुष्काळात नाही, प्रदेशात. भूगोलात प्रदेश तीन प्रकारचे असतात."

"रविवारी फक्त एकच प्रकार सांग," मामा म्हणाला, "आपल्या सोयीचा."

रविवारची तयारी एखाद्या लष्करी मोहिमेसारखी झाली. शनिवारीच मामाने टँकरवाल्याला पटवून गच्चीवरची टाकी भरून घेतली. दारातली निळी पिंपं कडब्याच्या गंजीमागे लपली. शालनमामीने घरात फर्मान काढलं, की नळ फक्त पाहुण्यांसाठी. घरच्यांनी तांब्याने काम भागवायचं आणि तेही पाहुण्यांची पाठ असताना. फाट्यावरची पाटी उपटायला वेळ नव्हता आणि ती कृती समितीची असल्याने ठरावाशिवाय उपटता येत नव्हती. म्हणून तिच्यावर मामाच्या गेल्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधण्यात आला. फ्लेक्सवरचा मामा गॉगल लावून, मोबाइल कानाला धरून पूर्वेकडे बघत होता. बहुधा टँकरची वाट.

पाहुणे आले. जगन्नाथराव म्हणजे मुलीचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत. पांढरंशुभ्र धोतर, अंगठीवर कारखान्याच्या संचालकपदाचं तेज. बरोबर त्यांची मुलगी केतकी. मुलीने स्वतः घर बघायला यायचं ही उंबरथडीत नवी गोष्ट होती. अण्णांनी ती परवानगी दिल्यासारखी सांगितली आणि केतकी ती स्वतःच घेतल्यासारखी बसली.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, बापूसाहेब!" अण्णा आत येतायेताच म्हणाले.

"कुणाचा?" मामा म्हणाला. मग त्याला फ्लेक्स आठवला. "हां, हां! आपलं हे... चालूच असतंय."

पोहे झाले. अण्णा हात धुवायला अंगणातल्या बेसिनपाशी गेले. नळ सोडला, हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसलं आणि नळ तसाच ठेवून मामाशी बोलत उभे राहिले.

"यंदा ऊस लवकर गेला आमचा," अण्णा म्हणाले.

"व्वा," मामा म्हणाला. त्याची नजर नळावर होती.

"चेअरमन म्हणाले, अण्णा, तुमचा आधी तोडतो."

"चांगली माणसं," मामा म्हणाला. नळ वाहत होता.

मामी टॉवेल घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "अण्णा, ते..." एवढं म्हणून थांबली. तिला 'नळ' म्हणायचं होतं. पण ज्या घरात पाणी मुबलक असतं, त्या घरात कोणी पाहुण्याला नळ बंद करा म्हणत नाही. नळ बंद करायला जी बाजू पहिली उठेल, ती हरली. अण्णा ते जाणून होते. ही त्यांची परीक्षा होती आणि, मला नंतर कळलं, मुली देण्याआधी नदीकाठचे सगळेच बाप ती घेत. माझ्या प्रबंधासाठी मी तालुक्यातल्या सगळ्या पर्जन्यमापकांची जुनी आकडेवारी जमवली होती. अण्णांचं उपकरण स्वस्त होतं आणि निकाल जागेवर देत होतं.

"ह्या आमच्या भाचीबाई," मामाने विषय बदलायचा म्हणून मला पुढे केलं. "भूगोलात एम.एस्सी."

त्याने ते करायला नको होतं.

"असं?" अण्णांचे डोळे चमकले. "मग बरं झालं. त्रयस्थ माणूस मिळाला. सांगा ताई, हे गाव दुष्काळी पट्ट्यात येतं का नाही?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मामाच्या डोळ्यांत विनवणी होती. धैर्यादादा जमिनीकडे बघत होता. केतकी माझ्याकडे बघत होती, कुतूहलाने, जणू तिला उत्तरापेक्षा मी ते कसं देते हे बघायचं होतं. मागे नळ वाहत होता.

"भूगोलात प्रदेश तीन प्रकारचे असतात," मी सुरुवात केली. मामीने डोळे मिटले. "पहिला औपचारिक प्रदेश. म्हणजे एखादा गुण सगळीकडे सारखा असला, की तेवढा भाग एक प्रदेश. समजा, वर्षाला पाचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा भाग. ज्या गावांत तेवढाच पाऊस पडतो ती जोडून नकाशावर रेषा काढायची. तिच्या पूर्वेला कोरडा प्रदेश, पश्चिमेला बरा."

"आणि खडकमाळ?"

"रेषा गावातूनच जाते."

"म्हणजे हो का नाही?"

"म्हणूनच दुसरा प्रकार बघावा लागतो," मी म्हणाले. मामीच्या घशातून बारीक आवाज आला. "कार्यात्मक प्रदेश. कुठल्या केंद्राभोवती कोणती गावं फिरतात ते. खडकमाळचं दूध तुमच्याच तालुक्याच्या डेअरीला जातं. बाजार तुमच्याकडं, कॉलेज तुमच्याकडं, एसटी तुमच्या डेपोची. त्या हिशोबाने खडकमाळ आणि उंबरथडी एकाच प्रदेशात आहेत."

"बघा!" मामा उजळला. "एकाच प्रदेशात!"

"फक्त पाण्याचा टँकर पूर्वेकडनं..." मी सांगू लागले.

मामाला जोरदार खोकला आला. पण खोकल्याने झाकावं एवढं आता बाकी नव्हतं, कारण नळाची धार बारीक होऊ लागली होती. आधी बोटाएवढी, मग सुतळीएवढी. नळात हवा गुरगुरली. टाकी संपत आली होती आणि अण्णांचा चेहरा समाधानाने भरत होता.

"आणि तिसरा?" त्यांनी आरामात विचारलं.

केतकी उठली. सगळ्यांच्या देखत बेसिनपाशी गेली आणि तिने नळ बंद केला. धार तुटायच्या आत.

"त्या काय सांगतायत ते ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली आणि परत येऊन बसली. मग सरळ धैर्यादादाला विचारलं, "टँकर कधी येतो?"

"सोमवारी," धैर्यादादा म्हणाला. "कधी मंगळवारी. आज भरलेलं पाणी तुमच्यासाठी होतं."

मामाने कपाळाला हात लावला. सगळ्या स्थळांत मिळून धैर्यादादा एवढा कधी बोलला नव्हता, आणि बोलला तर हे!

अण्णांनी उपरणं झटकलं. "बरं आहे. घरी जाऊन कळवतो."

हे वाक्य त्या घराला पाठ होतं. मामी आत जाऊ लागली.

"अण्णा, बसा," केतकी म्हणाली. "मला हे स्थळ पसंत आहे."

"अगं, टँकरचं गाव आहे!"

"आपल्याकडं जार येतो की रोज."

"केतकी!"

"विहिरीला पाणी हाताला लागतंय आमच्या," तिने आम्हाला सांगितलं, अगदी पाककृती सांगावी तसं. "पण तोंडात धरवत नाही. ऊस पाजून पाजून जमीन फुटलीय. पांढरी झालीय नुसती. बाराही महिने प्यायला जारचं पाणी."

मला हे माहीत होतं. माझ्या नकाशात उंबरथडीवर जांभळा रंग होता आणि खाली सूचीत लिहिलं होतं, क्षारपड. सोयीचं नसलेलं इतकं बोलून झाल्यावर आणखी थोड्याने काय बिघडणार होतं? मी म्हणाले, "हो, उंबरथडी क्षारपड पट्ट्यात येतं."

"पण आम्ही तशी पाटी लावलेली नाही," केतकी म्हणाली. "तुमच्या फ्लेक्सच्या कडेनं 'दुष्काळग्र' एवढं दिसतंय हां. पुढच्या पाहुण्यांच्या वेळी नीट बांधा."

"पुढचे नकोत," धैर्यादादा पुटपुटला, आणि मामी आतल्या दाराशी तोंडाला पदर लावून हसली.

अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून मामाच्या समोर घेतली आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून, माणसासारखं बोलले.

"बापूसाहेब, पाण्याचं काय हो, तुमच्याकडं नाही, आमच्याकडं असून नाही. ते चाललंय आणि चालेल. माझी अडचण वेगळी आहे. मी भावकीला काय सांगू? संचालकानं पोरगी दुष्काळी पट्ट्यात दिली? ते पाणी बघायला येत नाहीत. नाव ऐकतात."

"हाच तिसरा प्रकार," मी म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

"ती पाटी काढा," अण्णा म्हणाले. "यादीतलं नाव कमी करून घ्या. मी आत्ता सुपारी फोडतो."

मामाने धैर्यादादाकडे बघितलं. तो आयुष्यभर मोर्चे काढत आला होता, आणि प्रत्येक मोर्चात समोर कोणीतरी साहेब असायचा. ह्या वेळी समोर धैर्यादादा होता.

"पोरांची फी माफ झालीय त्याच्यावर," तो अखेर म्हणाला. "टँकर त्याच्यावर येतोय. माझ्या घरच्या लग्नासाठी गावाचं पाणी कसं तोडू?"

"नका काढू, बापू," धैर्यादादा म्हणाला. आवाज साधा होता. तो उठला आणि पाहुण्यांच्या चपला नीट लावून ठेवू लागला. निघताना त्यांना शोधाव्या लागू नयेत म्हणून.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. तेवढ्यात केतकी माझ्या शेजारी येऊन बसली आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

"ताई, तुम्ही म्हणालात, पहिली रेषा गावातनं जाते. गावातनं म्हणजे नक्की कुठनं?"

मी नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला. गाव, आळ्या, घरं, झाडं दिसू लागली. "साधारण इथून. मामाच्या गोठ्यावरून."

"गोठा घराच्या कोणत्या अंगाला आहे?"

"पूर्वेला."

"म्हणजे घर रेषेच्या...?"

"पश्चिमेला," मी म्हणाले.

अण्णा पुढे झुकले. मामा पुढे झुकला. दोघांची डोकी माझ्या लॅपटॉपवर आपटायची राहिली.

"म्हणजे गाव दुष्काळात?" मामाने विचारलं.

"आणि घर बाहेर?" अण्णांनी विचारलं.

"थांबा," मी घाईने म्हणाले. "ही रेषा सरासरीवरून काढलेली असते. अख्ख्या तालुक्यात मोजके पर्जन्यमापक, त्यातल्या एकात कबुतरं राहतात. मधली रेषा अंदाजाने ओढलेली आहे. ती मैलभर इकडे किंवा तिकडे असू शकते. नकाशावर तिची नुसती जाडीच जमिनीवर अख्ख्या आळीएवढी होईल. पाऊस असा भिंत घातल्यासारखा गोठ्यापाशी थांबत नाही..."

"सरकारी रेषा आहे का?" अण्णांनी विचारलं.

"आकडे सरकारी आहेत, पण..."

"झालं तर!"

माझं 'पण' घेऊन मी त्यांच्या मागे गोठ्याकडे गेले. अण्णांना रेषा प्रत्यक्ष बघायची होती. रेषा दिसत नसते, असं मी सांगितलं, तर मामाने चुन्याची फक्की मागवली आणि म्हणाला, "तू दाखव, मी दिसती करतो." मी शेवटचा प्रयत्न म्हणून हात हवेत अंदाजे फिरवला. त्या अंदाजावर मामाने शेणाच्या उकिरड्यापासून थेट कडुनिंबापर्यंत पांढरी रेघ मारली. मामाच्या हातात जन्मात पहिल्यांदा अशी सीमा आली होती, जिच्या दोन्ही बाजू त्याला फायद्याच्या होत्या.

रेघ दोन म्हशींच्या मधून गेली. अण्णांनी पलीकडच्या म्हशीकडे बोट दाखवलं.

"ही दुष्काळात राहती."

"राहू दे की," मामा म्हणाला. "छावणीचा चारा तिच्याच नावावर येतोय."

"दूध देती का?"

"देती."

"मग तिला अलीकडं बांधा. पोरीला दूध तरी चांगल्या पट्ट्यातलं मिळू द्या."

खुंटा उपटून अलीकडे ठोकण्यात आला. चारा घेताना म्हशीने पूर्वेला जायचं आणि दूध देताना पश्चिमेला यायचं, असं ठरलं. म्हशीला कोणी विचारलं नाही. सुपारी फुटली. धैर्यादादाने लावून ठेवलेल्या चपला पुन्हा बाजूला झाल्या, आणि मामीने गंजीमागून एक निळं पिंप उघडपणे ओढत आणलं, कारण सगळ्यांच्या चहाला आता टाकीत पाणी नव्हतं.

लग्नपत्रिका मामाने स्वतः छापून घेतली. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, 'मु. पो. खडकमाळ (पश्चिम)'.

"असं गाव नाही, मामा," मी म्हणाले.

"अंधेरी पश्चिम आहे का नाही? तिथल्या पोरांची लग्नं होतात का नाही?"

ह्याला आता बरीच वर्षं झाली. केतकीवहिनी दुकान बघते, धैर्यादादा अजून कमी बोलतो, पाटी फाट्यावर तशीच आहे आणि टँकर सोमवारी येतो, कधी मंगळवारी. बदललं ते एवढंच, की खडकमाळ (पश्चिम) आता खरंच आहे. एसटीचा कंडक्टर ते ओरडतो. तिथे 'पश्चिम किराणा स्टोअर्स' आहे. नदीकाठची माणसं स्थळ आलं, की आधी विचारतात, "पूर्व का पश्चिम?" आणि उत्तर ऐकून मान डोलवतात, जणू त्यांच्या आजोबांपासून हे दोन भाग वेगळे आहेत.

लग्न झाल्यावर पुढच्याच हंगामात मामाच्या शेजाऱ्याने फक्की मागून नेली होती. त्याचा मुलगा लग्नाचा होता. मग त्याच्या शेजाऱ्याने. रेषा दर लग्नसराईत थोडी थोडी पूर्वेला सरकत गेली. कोरड्या प्रदेशाची इतकी वेगवान पीछेहाट माझ्या विषयात तरी नोंदलेली नाही, आणि तीही एक थेंब जादा पाऊस न पडता. सध्या खडकमाळ (पूर्व) मध्ये फक्त शाळा, स्मशान आणि पांडुरंग साळुंख्यांचं घर उरलं आहे. साळुंख्यांना घाई नाही. त्यांना सगळ्या मुलीच आहेत.

अण्णांना तिसरा प्रकार मी एकदा निवांत समजावून सांगितला होता. लोकांच्या डोक्यातला प्रदेश. त्याला ना पाऊस लागतो, ना बाजार. चार माणसांनी एका सुरात नाव घेतलं, की तो तयार होतो. माझ्या प्रबंधात मी गावोगाव विचारलं होतं, दुष्काळी पट्टा कुठे सुरू होतो. मुलाचं लग्न करायचं असलं, की प्रत्येकाने तो आपल्या वेशीच्या लगेच पुढे दाखवला. टँकर हवा असला, की लगेच मागे. अण्णा खूप हसले होते. म्हणाले होते, "तुमच्याकडची माणसं लई बेरकी."

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. केतकीवहिनीच्या धाकट्या भावाचं बघताहेत. मुलीकडचे लोक घर बघायला आले होते, घाटाखालचे, पावसाच्या गावचे. चांगली माणसं, अण्णा म्हणाले. हात धुतले, नळ लगेच बंद केला. आणि मग मुलीचा बाप खुर्चीवर बसून म्हणाला, "एक पेलाभर पाणी द्या. नळाचं द्या हो, जारचं नको."

"मग?"

"मग काय, प्यायला एक घोट. म्हणाला, घरी जाऊन कळवतो."

अण्णांनी घसा खाकरला.

"ताई, मी काय म्हणतो, आमचं गाव जरा पूर्वेला सरकवता येईल का? लई नको. माळाच्या अंगाला, एवढंसं."

मी लॅपटॉप उघडला. जांभळा रंग मोठा केला. आणखी मोठा केला, घरं दिसेपर्यंत.

"अण्णा," मी विचारलं, "तुमचा गोठा घराच्या कोणत्या बाजूला आहे?"